गाडीचा नंबर

शेफील्डच्या नकाशावर पोलिसांचे ठिपके.
घरफोडी, सायकलचोरी, आरडाओरडा, ‘इतर’.
इंद्रजित रात्री बाराला एकेक रस्ता मोठा करून बघतो,
ऋताच्या केसांत ऊ शोधावी तसा.
मी विचारते, ‘इतर’ म्हणजे काय रे?
तो म्हणतो, तेच तर कळत नाही.

मिरजेहून आईचा फोन. तिला आकडे सांगितले,
दर हजारी किती, गेल्या वर्षी किती.
ती भाजी निवडत असावी,
देठ मोडल्याचा आवाज येत होता.
म्हणाली, शेजार बघ गं आधी.
भिंतींना काय, रंग देता येतो.

शनिवारी पहिली वस्ती.
तिथे नकाशा कोरा होता, ताकासारखा पांढरा.
कातरलेली कुंपणं, धुतलेल्या गाड्या,
दारावरच्या घंटीत एक काळा डोळा.
तासभर हिंडलो. ऋतानं एका मांजराला हाक मारली,
तेही कुंपणाआड गेलं.
एका खिडकीचा पडदा दोन बोटं सरकला
आणि जागेवर आला.
भाडं ऐकून इंद्रजित नुसता ‘हं’ म्हणाला.

दुसरी वस्ती उतारावर. इतक्या उतारावर
की घरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी.
ठिपके एकोणीस.
चिप्सच्या दुकानाबाहेर हुडी घातलेली चार पोरं.
मी ऋताचा हात घट्ट धरला
तेव्हाच त्यातल्या एकानं सायकल बाजूला घेऊन वाट दिली.
मला माझ्या हाताची लाज वाटली.
सोडला मात्र नाही.

दिवसा काय, सगळेच रस्ते शहाणे,
इंद्रजित म्हणाला, रात्री बघू.

म्हणून साडेदहाला पुन्हा आलो.
भाड्याची राखाडी गाडी, दिवे बंद, इंजिन बंद,
मागे ऋता झोपलेली, तोंड उघडं,
थर्मासमध्ये चहा.
रस्त्याची परीक्षा घेत बसलो:
कोण येतं, कोण अडखळतं, कुठे बाटली फुटते.
कचऱ्याच्या डब्यांमधून एक कोल्हा गेला,
घरचाच असल्यासारखा. बाकी काही नाही.

काचेवर टकटक.
ड्रेसिंग गाऊन, रबरी बूट, हातात टॉर्च,
सत्तरीची बाई.
मी काच दोन बोटं खाली केली.
“पाऊण तास बघतेय, लव्ह. कोणाची वाट बघताय?”
तिच्या तळहातावर बॉलपेननं
आमच्या गाडीचा नंबर.

अख्खा नकाशा पालथा घालून
जो ठिपका शोधत होतो, तो आम्हीच होतो तर.
राखाडी गाडी, काळे केस, दिवे बंद.
इतर.

इंद्रजित घाबरून खरं बोलून गेला, घर बघतोय.
रात्रीचं?
रात्रीचं.
तिनं टॉर्च मागे मारला, ऋताच्या उघड्या तोंडावर,
आणि लगेच खाली घेतला.
“बारा नंबर ना? आधी बॉयलर बदलून मागा.
आणि पोरीला घरी न्या, गारठा आहे.”
तळहात पुसला नाही तिनं. मी बघितलं.

परतताना बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, तिनं थेट पोलिसांना बोलावलं असतं तर?
मी म्हटलं, तिनं बघितलंच नसतं तर?
दोन्ही प्रश्न अजून बारा नंबरच्या जिन्यात पडलेत,
येताजाता पायाला लागतात.

बॉयलर बदलून मिळाला नाही.
मॉरीनचा भाचा येऊन ठोकठाक करून गेला,
पैसे घेतले नाहीत, शंकरपाळे घेतले.

काल रात्री समोर निळी व्हॅन थांबली. दिवे बंद.
आत दोघं. एकाच्या मांडीवर काहीतरी पांढरं.
पडदा दोन बोटं सरकवून मी उभी.
फ्रीजवरचं पेन नेमकं सापडेना.
इंद्रजितचा कोट चढवला, बूट शोधले.
टॉर्च घ्यावा की थर्मास,
खालच्या पायरीवर उभी राहिले तरी
ठरेना.